बटरपेपरवरची आळी

न दिसणारी गोष्ट दिसणारा माणूस मी अख्ख्या रत्नागिरीत एकच पाहिला, आणि ते माझे थोरले साडू. आमच्या आळीत त्यांची केबल होती. आधी टीव्हीची, मग त्याच वायरीतून इंटरनेट आलं आणि साडूंना जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही. रोज सकाळी अकराला घरोघरी फोन करून "मोडेमचे दिवे कसे आहेत?" असं ते विचारत, आजाऱ्याची प्रकृती विचारावी तसं. मग बटरपेपरवर आळीचा नकाशा काढून नीट चालणारं घर हिरवं, रडणारं पिवळं आणि बंद पडलेलं लाल रंगवत. रोजचा कागद वेगळा. वायरीतला सिग्नल त्यांना पाटाच्या पाण्यासारखा वाहताना दिसायचा. एकदा माझ्याकडे जेवता जेवता थांबून म्हणाले, "तुमच्या शेजाऱ्यांकडे गळतंय." शेजारी बिचारे कौलं तपासायला चढले.

"सगळ्या आळीची चौकशी होते, माझी तेवढी नाही," असं थोरली मेव्हणी म्हणायची. तिच्या भावाला मस्कतला मुलगी झाली. माझी बायकोही आत्याच, पण बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान थोरलीचा. तिकीट काढलं, आणि जांभ्याच्या पायरीवरून घसरून तिच्या पायाला प्लास्टर. ती रडरड रडली. साडू म्हणाले, "कुर्र इथनं जाईल. मी पोचवतो."

बारशाच्या दिवशी अकराला साडूंच्या घरी कॉम्प्युटरवरचं मस्कत गोठलं. बाळ अर्धंच दिसत होतं. साडूंनी पंधरा दिवसांचे बटरपेपर एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. रोज वेगवेगळी दोनच घरं लाल, म्हणून कधी लक्षात आलं नव्हतं. उजेडात ती सगळी एका जागी गोळा झाली: मागच्या पोफळीच्या बागेतून ज्यांची वायर यायची ती, त्यांच्या स्वतःच्या घरासकट.

"अकराला काय होतं हो?" त्यांनी मला विचारलं.

"बागेत शिंपण," मी म्हटलं.

"म्हणजे तिथला जॉइंट पाणी पितोय."

नवा जॉइंट करायला वेळ नव्हता. शिंपण बंद करावं तर पंपाच्या खोलीला कुलूप, मालक पावस गावी गेलेला. साडू शिडी आणि छत्री घेऊन धावले. खिडकीतून मी पाहिलं: त्यांनी जॉइंट सदऱ्याने पुसला, छत्री त्याच्यावर धरली आणि स्वतः फवाऱ्याखाली उभे राहिले. मी असला माणूस दुसरा पाहिला नाही. इकडे चित्र हललं. मेव्हणीने माइक ओठांशी नेऊन कुर्र केलं, नाव सांगितलं. बाळाने जांभई दिली.

अर्ध्या तासाने साडू निथळत आले. "पोचलं ना गो?"

"पोचलं."

"मला काय ऐकू आलं नाही."

"या इकडे. वाका," मेव्हणी म्हणाली, आणि त्यांच्या कानात सावकाश कुर्र केलं.

आता ती केबल नाही, साडूही नाहीत. परवा मेव्हणीने त्यांचा बटरपेपरचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मी तो खिडकीला धरला; मला नुसते डाग दिसले. बारशाच्या दिवशीचा कागद मात्र मला वाचता आला. त्या दिवशी त्यांनी कुणालाच फोन केला नव्हता. सगळी आळी कोरी होती, आणि त्यांचं एकट्याचं घर हिरवं.