चारकोपातलं समुद्रकाठचं घर

"आजी, तुझ्या गावच्या घराला रंग कुठला होता?" नातीने विचारलं.

"रंग नव्हता. चुना होता," मी म्हटलं.

"पण दिसायचा कसा?"

"चुन्यासारखा."

माझ्याकडून सरळ उत्तर मिळवायचं तर असंच खोदून विचारावं लागतं. तिला त्याची सवय आहे. ती उठली नाही. मग मी सांगितलं, की चुन्यात थोडी नीळ घालायचे, म्हणून भिंत पांढरी आणि जराशी निळसर दिसायची. खाली जमिनीलगत गेरूचा पट्टा असायचा. जमीन शेणाने सारवलेली. एवढंच. याला कोणी सजावट म्हणत नव्हतं. गणपतीच्या आधी घर साफ करायचं म्हणून हे करायचे.

ती हे का विचारत होती ते सांगते. नातीने घरं आतून सजवायचं शिक्षण घेतलं आहे. दोन वर्षं अंधेरीला एका ऑफिसात दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांची मापं घेत होती. मग मुलुंडची एक बाई तिच्या ओळखीची झाली. त्या बाईने मढला एक जुना बंगला घेतला आहे, लोकांना दोन-चार दिवस राहायला भाड्याने द्यायला. तो बंगला समुद्रकाठच्या घरासारखा करून हवा होता. आता मढ समुद्रकाठीच आहे, म्हणजे समुद्रकाठच्या घराला समुद्रकाठच्या घरासारखं करायचं. पण पैसेवाल्यांचं असंच असतं. ती बाई नातीला म्हणाली, तुझं काम आवडेल असं वाटतं, पण तू स्वतः केलेलं एक तरी घर दाखव. मग ठरवू.

नातीकडे दाखवायला एकही घर नव्हतं. आमच्या घराला गणपतीआधी रंग लावायचाच होता. ती तिच्या बापाला म्हणाली, "बाबा, या वेळी मी करते. मग त्यांना इथेच बोलावते, गणपतीच्या दर्शनाला."

माझा मुलगा म्हणाला, "आजीला विचार."

म्हणून मला विचारत होती.

आमचं घर चारकोपला, सेक्टरातल्या बैठ्या घरांच्या रांगेत. पुढे एक दार आणि एक खिडकी, मागे स्वयंपाकघर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. वर एक मजला नंतर चढवला. मालक, म्हणजे माझे यजमान, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर हे घर आम्ही बांधलं. वाळू मी वाहिली आहे, विटा मी भिजवल्या आहेत. त्यामुळे या घराच्या भिंतीला कोणी हात लावणार असेल तर मला विचारायलाच हवं. मुलाने ते बरोबर ओळखलं.

नात रंगांचं पुस्तक घेऊन आली. पानापानावर बोटभर चौकोन, आणि प्रत्येकाखाली इंग्रजी नाव. मला ती नावं वाचता येत नाहीत आणि वाचून काही उपयोगही नव्हता. मी माझी नावं ठेवली. हा ताकाचा. हा सुक्या वाळूचा. हा ओल्या वाळूचा. हा सुकटीचा.

"सुकटीचा रंग हॉलला?" सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "वास तरी येणार नाही ना?"

"तुला सुकट खाताना वास येत नाही, रंगाचा येणार?" मी म्हटलं.

नात हसली, पण तिने सुकटीच्या चौकोनाखाली पेन्सिलीने खूण केली, ते मी पाहिलं.

मग तिने पिशवीतून बाकीचं सामान काढलं. होडीचा असतो तसा लाकडी नांगर, भिंतीला टांगायचा. दोरी गुंडाळलेला गोल आरसा. आणि काचेच्या बरणीत भरलेल्या शिंपल्या.

"ह्या काय गो बाय?" मी विचारलं. "शिंपल्या विकत आणल्यास?"

"शोसाठी आहेत आजी. भिंतीवर लावायच्या."

"आमच्याकडे पण शिंपल्या भिंतीला लावायचे," मी म्हटलं. "आधी तिसऱ्यांचं कालवण खायचं, मग उरलेल्या शिंपल्या भट्टीत भाजायच्या, त्याचा चुना करायचा, आणि तो लावायचा."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग खरं आहे हे कळल्यावर तिने बरणी बाजूला ठेवली. नांगरही ठेवला. मला म्हणाली, "बरं, मग तू सांग. समुद्राजवळच्या घरात काय असतं?"

मी म्हटलं, समुद्राजवळच्या घरात समुद्र येऊ नये एवढीच काळजी असते. माझ्या आईने समुद्राच्या बाजूला खिडकी ठेवू दिली नव्हती. खारा वारा बिजागऱ्या खातो, कपडे कधी नीट वाळत नाहीत, मीठ ओलं होतं. पावसाच्या आधी त्या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची. समुद्र बघायचा असला तर माणूस चालत जायचा, बघायचा आणि परत यायचा. आणि तो निळा तर वर्षातून थोडेच दिवस असतो. पावसात त्याचा रंग चहासारखा होतो.

तिने हे सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. नंतर म्हणाली, "म्हणजे घर थंड, मोकळं आणि पुसायला सोपं."

मी म्हटलं, "हां. एवढंच."

तरी मी निळीचा हट्ट धरलाच. भिंत पांढरी करायची तर निळसर पांढरी, नाहीतर करू नका. नात म्हणाली, दोन्ही लावून बघू. तिने हॉलच्या भिंतीवर दारासारखे उभे दोन पट्टे ओढले. एक माझा, निळसर. एक तिचा, पांढऱ्यात किंचित पिवळा आणि किंचित मातकट, म्हणजे ती सुकटच, पण खूप फिकी. आणि सांगितलं, दोन दिवस काही ठरवायचं नाही, फक्त जाता-येता बघायचं.

पहिल्या दिवशी सकाळी माझा पट्टा चांगला दिसला. दुपारी तो सरकारी दवाखान्यासारखा दिसायला लागला. संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर त्याच्यापुढे माझा मुलगा बसला होता, तर आजारी वाटत होता. तिच्या पट्ट्यापुढे तोच माणूस बरा दिसत होता.

"असं का?" मी विचारलं.

"गावच्या घरापुढे अंगण होतं ना आजी? ऊन पिवळं असतं. निळीवर ऊन पडलं की भिंत पांढरीशुभ्र दिसते. इथे आपल्यापुढे समोरच्यांची भिंत आहे. ऊन येतच नाही. म्हणून पिवळेपणा आपणच घालायचा."

इतकी वर्षं मी नीळ घातली, कपड्यांना आणि भिंतींना. पण ती उन्हामुळे खुलते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचार केला नव्हता. पोरीने शिकून काहीतरी केलं आहे, हे मला त्या दिवशी पटलं. मी म्हटलं, "लाव तुझा."

गेरूचा पट्टा मात्र तिने माझा घेतला. गुडघ्याइतका उंच, चारी भिंतींना, धुता येईल अशा ऑइलपेंटचा. सून सगळ्यात खूश. लादी पुसताना भिंतीवर उडालेलं पाणी आता दिसत नाही. जुना सोफा होता त्यालाच जाड खादीचं कापड लावलं. खिडकीला जाड पडद्याऐवजी पातळ सुती कापड. दोरीचा आरसा तेवढा तिने ठेवला, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे जो काही उजेड येतो तो आत परत फिरतो. निळा रंग घरात एकाच जागी, आतल्या दाराला, होड्यांना असतो तसा भडक. ते दार बघून मुलगा म्हणाला, "वाट लागली. होडीतून बाथरूमला जायचं आता."

मला ते दार आवडलं.

राहिलं छत. आमचा स्लॅब जुना. डाग पडलेले, वायरी लोंबत होत्या. नातीने पीओपीचं सपाट छत करून घेतलं, आत दिवे लपवले. काम एका रविवारी झालं. आम्ही सगळे घरात होतो. सगळ्यांनी वर बघून छान झालं म्हटलं. मीही म्हटलं.

गणपती आठवड्यावर आले तेव्हा सून माळ्यावरून माटवी काढायला चढली. कोकणातल्या लोकांना माटवी सांगायला नको, बाकीच्यांना सांगते. लाकडी पट्ट्यांची चौकट असते, जाळीसारखी. ती गणपतीच्या वर छताला टांगतात आणि तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपाऱ्या, कांगणं अशी रानातली फळं बांधतात. माटवी नसली तर आमच्याकडे गणपती बसला असं वाटत नाही. मूर्ती लहान असली तरी चालते.

सून माटवी हातात घेऊन हॉलच्या मध्ये उभी राहिली आणि वर बघायला लागली. मग मी बघितलं. मग मुलाने.

माटवीचे चार हुक स्लॅबमध्ये होते. स्लॅब टाकला त्या दिवशी मालकांनी सळई वाकवून ते स्वतः बसवले होते. आता खाली सगळं गुळगुळीत पांढरं. त्या हुकांखालून आम्ही वर्षभर जा-ये करतो, पण गणपती सोडून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून छत करताना कोणाच्याच लक्षात आलं नाही.

नात बाहेरून आली. तिने माटवी बघितली, वर बघितलं आणि खाली बसली.

मुलगा म्हणाला, "एवढं काय नाही. या वर्षी पाइपाचा स्टॅण्ड करतो. त्यावर ठेवू."

सून म्हणाली, "ती मुलुंडची बाई गणपतीच्या दुसऱ्या दिवशी येणार आहे. आता छताला हात लावू नकोस. धूळ होईल, भिंती खराब होतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडेन असं वाटलं असावं. मी म्हटलं, "राहू दे. देव काय वर बघत बसत नाही. तुझं काम मिळू दे, हुकांचं पुढच्या वर्षी बघू." मी हे मनापासून म्हटलं. पहिलं काम हातचं गेलं की माणसाला दुसरं मागायची भीती वाटते. मालकांचं मी पाहिलं आहे.

"नको आजी," ती म्हणाली. "स्टॅण्ड घाणेरडा दिसेल."

"म्हणजे देवासाठी नाही?"

"देवासाठी पण. पण हॉलच्या मध्ये पाइप उभे केले तर कोणीही विचारेल, हे घर ज्याने केलं त्याला इथे कोण राहतं ते माहीत नव्हतं का? आणि मी तर इथेच राहते."

तिने मोबाइलमधून गेल्या वर्षांच्या गणपतीचे फोटो शोधून काढले. पंखा कुठे, माटवीचे कोपरे कुठे, ते बघून छतावर पेन्सिलीने खुणा केल्या. भिंतींना जुन्या साड्या बांधल्या. आणि शिडीवर चढून स्वतःच्या नव्या छताला करवत लावली. बाप खालून म्हणत होता, "मी करतो गं, तू उतर." ती उतरली नाही. पहिलं भोक हुकापासून वीतभर चुकलं. ते तसंच ठेवून तिने दुसरं पाडलं. चारही हुक सापडले तेव्हा ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती. गंजलेले हुक घासले आणि गेरूच्या रंगाने रंगवले. भोकांना गोल कडा करून घेतल्या. चुकलेलं भोक बुजवलं, पण डाग राहिला. अजून आहे.

गणपती आले. माटवी वर चढली. दुसऱ्या दिवशी मुलुंडची बाई आली. पायात बूट, ते दाराबाहेर काढले, एवढं बरं. दर्शन घेतलं, मोदक खाल्ला, मग फिरायला लागली. भिंतीवरून हात फिरवला. निळं दार दोनदा उघडलं आणि लावलं. मग वर बघून म्हणाली, "हे कायम असतं?"

"नाही. पाच दिवस," नात म्हणाली. "नंतर नुसते हुक."

"हुक दिसतात. झाकता आले असते ना?"

"झाकले होते. मग फोडून काढले. तो डाग दिसतोय ना, तो तिथलाच."

मी मनात म्हटलं, गप्प बस पोरी. डाग कशाला दाखवतेस? पण ती बोलत राहिली. म्हणाली, इथे राहणाऱ्यांना माटवी लागते म्हणून हुक दिसतात. तुमच्याकडे लोक दोन दिवसांसाठी ओले पाय घेऊन येणार, त्यांना दुसरं काही लागेल. आधी बंगला बघते, ऊन कुठून येतं ते बघते, मग रंग सांगते. नांगर आणि शिंपल्या हव्याच असतील तर त्या मी लावणार नाही, तुम्ही लावा.

बाईने परत एकदा त्या डागाकडे बघितलं. मग म्हणाली, "मला नांगर हवा होता."

"माझ्याकडे एक पडलाय. घेऊन जा," नात म्हणाली.

ती बाई हसली. आणखी एक मोदक मागून घेतला आणि गेली. नांगर नेला नाही.

गौरी गेल्यावर फोन आला. बंगला पूर्ण नाही दिला. आधी एक खोली कर, ती बघते, मग बाकीचं, असं म्हणाली.

"कुठली खोली?" मी विचारलं.

"सगळ्यात लहान."

"बरं आहे," मी म्हटलं. "लवकर संपेल."

संध्याकाळी मी चप्पल घातली आणि आमच्या रांगेतल्या सगळ्या घरी जाऊन सांगून आले, की मढच्या बंगल्याचं काम आमच्या नातीला मिळालं. खोलीचं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.