यामिनीताईसाठी चढाई

यामिनीताई माझी मावसबहीण. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला इतिहासात पीएचडी करते. विषय काय, तर हजारेक वर्षांपूर्वी युरोपातली साधी माणसं घरदार सोडून पार जेरुसलेमला धर्मासाठी लढायला का गेली. मी हायस्कूल अर्धवट सोडलेला, तिच्या सोफ्यावर झोपतो, पिझ्झा डिलिव्हर करतो. मला त्यातलं घंटा कळत नाही. पण ताईला कोणी काही बोललं की आपलं डोकं सटकतं.

तिचे आईवडील, म्हणजे मावशी आणि अण्णा, नागपूरहून आले होते. अण्णा रोज विचारायचे, "यात जॉब काय मिळतो गं?" जवळच्याच ट्रॉय गावातल्या मराठी मंडळानं गणपतीत ताईचं भाषण ठेवलं, तेव्हा कुठे ते खूश झाले. आदल्या दिवशी मेसेज आला: वेळ कमी आहे, भाषण कॅन्सल. सोमवारी अण्णांचं परतीचं फ्लाइट. ताई नुसती भांडी घासत राहिली.

गणपतीच्या दिवशी मी माझ्या दोन दोस्तांना, शार्दूल आणि ओजसला, गाडीत कोंबलं.

हायवेवर शार्दूलनं विचारलं, "भांडण कशावरून आहे?"

"माहीत नाही तर आलास कशाला?"

"तू निघालास म्हणून."

ओजस म्हणाला, "जेवण असेल ना यार?"

मंडळाचा गणपती बसलेल्या शाळेच्या हॉलमध्ये घुसलो, स्टेजवर चढलो, माइक ओढला. "माझ्या ताईचं भाषण कोणी कापलं?"

आरती थांबली. अध्यक्ष त्र्यंबककाका हातात टाळ घेऊन पुढे आले. "कुठली ताई, बाळा?"

ट्रॉयमध्ये मंडळं दोन. भांडून फुटलेली. गणपती एकाच दिवशी, शाळा वेगवेगळ्या. मी चुकीच्या मंडळावर चढाई केली होती.

काकांचे डोळे मात्र चमकले. "त्यांनी कापलं? मग आम्ही ठेवतो. बोलव तिला. आधी आरती पुरी करू दे, गाढवा."

ताई आली, मावशी-अण्णांना घेऊन. माइकवर म्हणाली, लुटीसाठीच सगळे गेले असं नाही, कितीतरी जण जमिनी गहाण टाकून गेले. पापं धुतली जातील असं त्यांना खरंच वाटायचं. आणि भाऊ निघाला, मालक निघाला, म्हणून निघणारेही खूप. "एकदा तर वाट सोडून आपल्याच धर्माच्या शहरावर तुटून पडले."

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

मग अण्णांनी हात वर केला. "जे परत आले, त्यांना घरच्यांनी ओळखलं का गं?"

ताईनं हातातले कागद खाली ठेवले. "वेळ लागला, अण्णा."

"सांग मग. नीट सांग."

त्र्यंबककाकांनी घड्याळ बघितलं. मी नुसता खुर्चीवरून उठलो.

"बोलू द्या, बोलू द्या तिला," काका घाईघाईनं म्हणाले, "नाहीतर हा परत वर चढेल."