गल्ली, सिलिकॉन आणि शांताक्का

निपाणी सोडली त्या सकाळी मी आप्पांशी भांडले. घरापासून बसस्टँड दहा मिनिटांवर, पण आमच्या गल्लीत दर दोन पावलांवर कुणीतरी "कुठं चाललीस गं?" म्हणून अडवणार, हे ठरलेलं. मला बेळगावला विमान गाठायचं होतं. शेवटी मी रिक्षा मागच्या रस्त्यानं काढायला लावली. शेजारची शांताक्का दही-साखर घेऊन दारात उभी होती, ती तशीच राहिली. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, तेव्हा मला हिनंच सांभाळलेलं. रिक्षात आप्पा एवढंच म्हणाले, "मानसास्नी असं चुकवून जाऊ नगं, बाळ."

आता नेदरलँड्सच्या लॅबमध्ये मी सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन कितपत अडखळतात ते मोजते. व्होल्टेज त्यांना एका दिशेला ढकलतं. वाटेत थरथरणारे अणू असतात, मुद्दाम मिसळलेले परके अणू असतात. त्यांच्याशी गाठ पडली की कुठं निघालो होतो हेच इलेक्ट्रॉन विसरतो. सिलिकॉनचा तुकडा गार केला की थरथर कमी होते आणि इलेक्ट्रॉन लांबवर जातो. इथल्या थंडीत माझंही तसंच झालं. कुणी म्हणून कुणी अडवत नाही. गाव सोडून बाहेर गेलेल्या सगळ्यांसारखं मलाही सुरुवातीला ते फार आवडलं.

गेल्या मंगळवारी आप्पांनी फोन उचलला नाही. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. समोर यंत्र गार होत होतं, तिकडं माझं लक्षच नव्हतं. नाही नाही ते मनात येत होतं. शेवटी लाज गिळून शांताक्काला लावला, त्या सकाळनंतर पहिल्यांदाच.

"आज आप्पा दारावरनं गेलं न्हाईत. तवाच म्या आत बघाया गेलो. न्हाणीत पाय घसरून पडल्यालं. डॉक्टरकडं आणलंय, फोन ऱ्हायला घरात. घाबरू नगंस गं, बरं हाईत."

मी लॅबमध्येच रडले. फॉस्फरसचा परका अणू इलेक्ट्रॉनला अडवतो, हे मी रोज मोजते. पण तो इलेक्ट्रॉन मुळात त्यानंच दिलेला असतो. अगदी शुद्ध सिलिकॉनमध्ये धावायला फारसं कुणी नसतंच. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, आणि आमच्या गल्लीच्या बाबतीत मलाच उमगलं नव्हतं.

इथं माझ्या मजल्यावर बारा दारं आहेत. एक दिवस मी त्यांच्यावरून गेले नाही, तर कुणाला कळेल? ही भीती आता जात नाही.

मे महिन्यात येतेय. स्टँडवरून चालतच येईन, पुढच्या रस्त्यानं. शांताक्का, मला अडव.