डाग आधीचाच आहे

बेंबळी सोडली त्या दिवशी आईनं दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं गेली आणि मागं येऊन पुन्हा ओढून पाहिलं. मी गाडीत बसून बघत होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, जाऊन वर्ष झालं होतं. आईला तिथं एकटीला ठेवणं काही खरं नव्हतं. ती रडेल असं वाटलं होतं, पण तिनं एवढंच विचारलं, की पुण्याला पाणी रोज येतं का.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, आईचं कसं चाललंय. माझ्यासारखे निघून आलेले विचारत नाहीत, त्यांना माहीत असतं. बरं चाललंय.

पुण्यात मी पहिली खोली घेतली तेव्हा अण्णा सोबत आले होते. सामान टेकवायच्या आधी त्यांनी नळ सोडून पाहिले, भिंती ठोकल्या, फुटकी फरशी मालकाला बोलावून दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिना उतरताना म्हणाले, "आधीचं आधीच दाखवावं बाई. मागनं सांगणाऱ्याला कोण खरं मानतंय?" तेव्हापासून नवा फ्लॅट भाड्यानं घेतला की मी आधी फोटो काढते. आईला या फ्लॅटवर आणलं तेव्हाही तेच. ती पिशवी धरून दारात उभी, आणि मी कोऱ्या भिंतींचे फोटो काढून मालकाला पाठवतेय.

गेल्या महिन्यात बेंबळीचं घर भाड्यानं दिलं. गावच्या दवाखान्यात बदलून आलेली नर्स आहे, वैशाली. पोरगी लई नीटस. सामान लावायच्या आधी तिनं घरभर फिरून व्हिडिओ काढला आणि मला पाठवला. न लागणारं मागचं दार, मोरीचा उडालेला गिलावा. प्रत्येक ठिकाणी थांबून ती सांगत होती, ताई, हे आधीचंच आहे. मग बैठकीची भिंत आली. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक तेलकट गोल. हाही डाग आधीचाच, ती म्हणाली, चालत असेल तर मी भिंतीला रंग देऊन घेते.

अण्णा तिथं बसायचे. डोक्याला खोबरेल चोपडायचे आणि भिंतीला टेकायचे. आई रोज बडबडायची, रंगाचं वाटोळं केलं म्हणून.

मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. तो डाग जाऊ नये एवढंच वाटलं, पण लोकाच्या लेकीला तेलकट भिंत सांभाळ म्हणून कसं सांगणार? व्हिडिओ आईला दाखवला. तिनंच नको म्हणावं, म्हणजे मी सुटले, असा माझा हिशोब.

तिनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ. मग माझ्या हातात दिला.

"देऊ दे रंग. तिला ऱ्हायचंय तितं."

मी वैशालीला लिहिलं, हो, डाग आधीचाच आहे, रंग दे. आठवड्यानं फोटो आला. भिंत पांढरीशुभ्र. छान दिसतेय, असं मी कळवलं.

आता घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. आई दुपारभर हॉलमध्ये खाली बसते, भिंतीपासून वीतभर पुढं, पाठ ताठ ठेवून. संध्याकाळी कंबरेला बाम लावून मागते. काल बाम लावताना म्हटलं, अगं, टेकत जा की जरा भिंतीला.

"नको बाई," ती म्हणाली. "कोऱ्या भिंतीचा फोटू पाठवलास न्हाय का तू मालकाला."