पहिल्या पायरीची काडतुसं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती गेली बिचारी, मला सज्जन समजूनच गेली. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. माझं मलाच कळत नाही.

आमचं घर वडिवळ्याच्या अलीकडे. आबा, म्हणजे माझा बाप, काडतुसं भरायचा. विलायती काडतुसं महाग, म्हणून उडवलेल्या पितळी नळ्या जपून ठेवायच्या नि त्यात पुन्हा दारू, पुन्हा गोळी. गावचे बडे जमीनदार दौलतराव यांची रायफल आबाच्याच हातावर चालायची. आबा सोनाराचा काटा घेऊन बसायचा, गुंजा टाकून दारू तोलायचा. नवी दारू आली की अगदी थोड्यापासून सुरुवात. अर्धी गुंज वाढवायची, फळीवर उडवून बघायची, पुन्हा अर्धी. "दमानं चढायचं, सदा," म्हणायचा. गोळ्या एका जागी बसायला लागल्या की तिथं थांबायचं. पहिल्या पायरीच्या हलक्या काडतुसांच्या बुडाला शेंदराचा ठिपका — ती चाचणीपुरती, शिकारीला न्यायची नाहीत.

दौलतराव — काय सांगू! मिशीला पीळ नि जिभेला काटा. एकदा पाहुण्यांसमोर त्याचा डुकरावरचा बार चुकला. आबाला पुढं बोलावलं नि सगळ्या गावादेखत फाडकन कानाखाली दिली. "म्हाताऱ्या, दारू कमी घातलीस!" लगेच एका पाहुण्यानं त्याच पट्ट्यातली काडतुसं उडवून बघितली. सगळ्या गोळ्या बरोबर बसल्या. बघणारे मान खाली घालून हसले. पण आबा? पागोटं उचलून तो म्हणाला, "चुकलं आसंल माजं, राव."

चुकलं कुणाचं? त्या 'चुकलं'नं माझं डोकं फिरलं ते आजतागायत ठिकाणावर नाही. आबानं पुन्हा काट्याला हात लावला नाही. पुढच्या पावसाळ्यात गेला.

आणि हा निर्लज्ज माणूस माझ्याच दारात आला! "सदा, आता तूच भर." दुसरं कोण होतं त्याला? मी हो म्हटलं. हसून म्हटलं. दोन वर्षं इमानानं भरली, फळीवर त्याच्याच हातानं उडवून दाखवली. विश्वास बसायला पाहिजे होता ना.

मग लोणावळ्याचा एक गोरा साहेब शिकारीला येणार असं ठरलं. ठाकरवाडीच्या वरच्या रानात वाघरू शेळ्या उचलत होतं. दौलतरावाला साहेबापुढं मिरवायचं होतं. मी पेटीच्या तळातली शेंदराच्या ठिपक्याची काडतुसं काढली, रॉकेलच्या बोळ्यानं ठिपके पुसले नि पट्ट्यात लावून दिली. दारू कमी घातलीस म्हणाला होतास ना? घे, आता खरंच कमी घातली. गोळी खाली मातीत जाईल, साहेब हसेल, गाव हसेल — एवढंच मनात होतं.

एवढंच होतं का? खोटं कशाला बोलू. जखमी वाघरू काय करतं ते मला आबानं लहानपणीच शिकवलं होतं. मला ठाऊक होतं. मी तो विचार बाजूला सारला, बस्स.

हाका सुरू झाला. साहेब पलीकडच्या मचाणावर लांब, मी दौलतरावाच्या मागं उभा. वाघरू करवंदीच्या जाळीतून बाहेर आलं, दौलतरावानं बार टाकला. आवाज पोकळ आला — तो फक्त मला कळला. गोळी खाली, पुढच्या पायाला लागली. वाघरू गुरगुरत पुन्हा जाळीत शिरलं. दौलतराव वळून माझ्याकडं बघून म्हणाला, "दारू—" आणि तिथंच थांबला. मागची थप्पड सगळ्यांना आठवत होती. पुन्हा तेच बोलला असता तर कोण ऐकणार होतं? त्याचं ते वासलेलं तोंड बघून मला जे सुख झालं, ते लग्नातही झालं नव्हतं.

हाकेवाल्यांत गोमा ठाकर होता. माझ्या वयाचा, पोरपणी ओढ्यात खेकडे धरायला आम्ही बरोबर असायचो. रक्ताचा माग बघायला तो कोयता घेऊन पुढं झाला. मागं दौलतराव, हातात तीच बंदूक, तीच काडतुसं. मी ओरडू शकत होतो. "गोमा, थांब, काडतुसं हलकी हायेत" — एवढेच शब्द. पण ओरडलो असतो तर पितळ माझंच उघडं पडलं असतं. मी तोंड मिटून उभा राहिलो.

वाघरू गोमावर आलं. दौलतरावानं दुसरा बार टाकला. लागला, पण ते थांबलं नाही. शेवटी कुऱ्हाडींनी मारलं. गोमाला मी खांद्यावर घेऊन डोंगर उतरलो. कामशेतचं स्टेशन दिसायला लागलं तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं.

दौलतरावानं त्यानंतर बंदूक धरली नाही. गोमाच्या बायकोला, जनीला, भाताची पोती पाठवली. तिनं तशीच परत लावून दिली. तो खंगत गेला नि मी ते बघत राहिलो. अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. पूर्वीचा आवाज राहिला नव्हता.

"सदा, खरं सांग. त्या दिवशी दारू बराबर व्हती का?"

मरणाऱ्या माणसाला त्याच्या हाताचा भरवसा परत द्यायला एक शब्द पुरला असता. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "बराबर व्हती, राव. हात हालला तुमचा."

तो लहान पोरागत रडला. मला बरं वाटलं. अजून वाटतं. त्या माणसापुरतं मला काडीचंही वाईट वाटत नाही, हे लिहून घ्या.

पण जनी आहे. दौलतराव गेला तरी ती त्याच्या दारावरून जाताना थुंकते. आणि दर उन्हाळ्यात पळसाच्या पानात करवंदं घेऊन माझ्या दारात येते. "भाऊ," म्हणते, "तुमी माज्या धन्याला खांद्यावर आणलंत."

यंदाही आणून दिली. मी खाल्ली.