विहिरींची उघडी यादी

आमच्या कचेरीत माझ्यासमोर बसणाऱ्या गृहस्थांना कुलूप या वस्तूचाच राग होता. त्यांच्या कपाटाला कुलूप नसे, डब्याला झाकण नसे, आणि कर्जत स्टेशनाबाहेरच्या वडेवाल्याला ते रोज सांगत, "चटणीची कृती गाडीवर लिहून लावा, लोक सुधारून देतील." "मंग मी काय इकू, साहेब? कढई?" तो विचारी. लग्नात ते आहेर म्हणून पेनड्राइव्ह देत. त्यात कोणालाही फुकट वापरता, उघडून पाहता आणि बदलता येणारी सॉफ्टवेअरं असत. नेरळच्या एका नवरदेवाने त्यात फोटो असतील म्हणून तो सगळ्यांसमोर टीव्हीला लावला. काहीच दिसेना, तेव्हा हे अर्धा तास पाहुण्यांना समजावत बसले. तोवर पंगत उठली.

असल्याच सॉफ्टवेअरवर त्यांनी आसपासच्या वाड्यांतल्या विहिरींची यादी इंटरनेटवर टाकली. कुठल्या विहिरीला किती पाणी, ते कोणीही पाहावं आणि चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करावं. टँकर त्यावरून सुटतील, ही त्यांची भाबडी कल्पना. खालापूरच्या बाजूच्या एका वाडीतल्या बाईंनी आपल्या विहिरीपुढे 'कोरडी' असं लिहिलं आणि वर फोनही केला, "पानी हाय म्हनून कोनी लिवलं वो? येऊन पोहरा टाका की तुमी!" आपली चूक निघाली या आनंदात गृहस्थांनी साऱ्या कचेरीला चहा पाजला.

मोठ्या साहेबांना तो चहा गोड लागला नाही. "सरकारी माहितीत चूक काढणारी ही बाई कोण?" यादी बंद करण्याचं टिपण माझ्याकडे आलं, कारण माझी भाषा बरी. 'तांत्रिक कारणास्तव' हे दोन शब्द सुचायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. समोरच्या गृहस्थांनी टिपण वाचलं. "मसुदा छान झालाय हो," ते म्हणाले, "फक्त अडचण तांत्रिक नव्हती." पंधरवड्यात त्यांची लांब बदली झाली. निरोपाचं भाषण मीच केलं. तेही लोकांना आवडलं.

आता आम्ही यादी कागदावर छापतो, सही-शिक्का मारतो, तिरकी स्कॅन करतो आणि 'सर्वांसाठी खुली' या मथळ्याखाली ठेवतो. त्यात त्या बाईंच्या विहिरीला अजून पाणी आहे. या उन्हाळ्यात त्या स्वतः आल्या. मी छापील पान पुढे केलं.

"दादा, ह्याच्यात चूक लिवायची कुठं?"

मी पान उलटसुलट पाहिलं, जशी काही तशी जागा सापडणारच होती. मग म्हणालो, "अर्ज करा."

अर्ज त्यांनी केला. आवकचा शिक्का मारून मी तो त्याच साहेबांकडे पाठवला. वाडीत टँकर अजून गेलेला नाही. हे ज्यांना सांगायला हवं त्या बदली झालेल्या गृहस्थांचा नंबर माझ्याकडे आहे. मी तो अजून लावलेला नाही.