शंभर वर्षांची झोप
नव्या जीन्सचा निळीसारखा कोरा वास आला की ती रविवारची दुपार आठवते. आई उल्हासनगरहून शिवलेल्या जीन्सचं गाठोडं अंबरनाथला घरी आणायची आणि आम्ही त्यांचे सुटे धागे कापायचो. त्या संध्याकाळी शेठचा माणूस माल न्यायला येणार होता आणि आईचे डोळे मिटत होते. ती जागी राहावी म्हणून मी धाकट्या बहिणीचं इंग्रजी पुस्तक मराठीत सांगू लागले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तेवढा तोरा होताच. त्या पुस्तकमालिकेत जुन्या परीकथांतल्या मुली लढायला निघतात. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या उठून तलवार घेते, तिथं बहिणीने टाळ्या पिटल्या. आई म्हणाली, "उठवली का गं तिला? आता हिच्यामागेपण कामं लागली. ते झोपायचं परत वाच." मी वाचलं. राजवाडा झोपला, आचारी झोपले, कात्री हातात धरून आईही झोपली. "उठव ना," बहीण कुजबुजली. मी आईच्या हातातली कात्री सोडवून बहिणीला दिली. माल वेळेत गेला. आता मी ऑफिसातून आले की माझी मुलगी तेच पुस्तक पुढे करते, आणि राजकन्या उठायच्या आधीच माझे डोळे मिटतात. "मम्मी, तलवार राहिली!" ती मला हलवते. मी म्हणते, "राहू दे. झोपू दे तिला अजून थोडं."